शेवटच्या बसकरपट्टीवर काय ऐकू येतं?

माझा घसा बसला म्हणून मला हे कळलं. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका द्विशिक्षकी शाळेत मी पहिली-दुसरीला शिकवत होते. जुलै महिना होता आणि आवाज पार गेला होता. सहकारी बाईंनी त्या दिवशी चारही इयत्ता माझ्या वर्गात एकत्र बसवल्या आणि मी मुलांमागे, शेवटच्या बसकरपट्टीवर, भिंतीला टेकून बसले. बाई श्रुतलेखन घालत होत्या. तेवढ्यात पत्र्यावर पावसाची सर आली. बाईंचे ओठ हलताना दिसत होते. माझ्यापर्यंत पोचत होता तो नुसता स्वरांचा ओघ. भात की बात, दार की धार, काळ की काल, हे मी अंदाजानं ठरवत होते. मला अंदाज बांधता येत होता, कारण ते शब्द माझ्या ओळखीचे होते. माझ्या शेजारच्या सहा वर्षांच्या मुलीला तो आधार नव्हता. ती शेजारणीच्या पाटीत बघून लिहीत होती.

सर ओसरल्यावर मी तिला विचारलं, "ऐकू आलं का गं?" ती म्हणाली, "बाई बोलतात ते दिसतं, ऐकू नाय येत."

त्याआधी कितीतरी मुलांच्या प्रगतिपुस्तकात मी "वर्गात लक्ष देत नाही" असं लिहिलं होतं. त्यातल्या किती जणांपर्यंत माझा आवाज पोचत होता, हे मी कधी तपासलं नव्हतं. तपासायचं असतं हे मला कुणी सांगितलंही नव्हतं. डीएड करताना फळ्यावरचं अक्षर किती मोठं असावं, उजेड डाव्या खांद्यावरून यावा, हे शिकवलं होतं. आवाजाबद्दल एवढंच, की तो खणखणीत असावा. म्हणजे ऐकू येण्याची सगळी जबाबदारी एका माणसाच्या घशावर टाकलेली, आणि खोलीचा त्यात काही वाटा असतो हा विचारच नाही.

या लेखात मला एकच गोष्ट मांडायची आहे. शाळेत स्पष्ट ऐकू येणं ही पिण्याच्या पाण्यासारखी मूलभूत सोय आहे आणि ती खोलीनं द्यायची असते. खोलीनं आपलं काम केल्यावर जिथे कमी पडतं तिथे माईक आणि स्पीकर जरूर यावेत. पण खोली तशीच ठेवून आवाज वाढवत नेणं हा उपाय नव्हे, आणि आपल्याकडे नेमकं तेच होण्याची भीती मला वाटते.

आधी ऐकण्याबद्दल. बोलण्यातली ताकद स्वरांत असते आणि अर्थ बराचसा व्यंजनांत. 'आ' दूरवर जातो. 'त' आणि 'थ' मधला फरक हा हवेचा एक बारीक, क्षणभराचा फुत्कार असतो. मराठीत असे फरक जागोजागी आहेत. ताट-थाट, बार-भार, कात-खात, साल-शाल, माल-माळ, मन-मण. एका हकारावर किंवा जिभेच्या एका वळणावर शब्द बदलतो. गोंगाटात आणि घुमणाऱ्या खोलीत सगळ्यात आधी हेच बारीक फरक बुडतात. स्वर तरंगत राहतात, त्यामुळे मुलाला वाटतं की आपण ऐकलं, आणि शिक्षकाला वाटतं की आपण सांगितलं. पुढे वहीत 'बात' लिहिलेलं सापडतं आणि आपण शुद्धलेखनाचे गुण कापतो. श्रुतलेखन म्हणजे ऐकलेलं लिहिणं. ऐकलंच गेलं नसेल तर आपण नक्की कशाची परीक्षा घेतो?

मोठ्यांना याची तीव्रता जाणवत नाही, याला कारण आहे. गोंगाटातून बोलणं वेगळं काढण्याची क्षमता मुलांमध्ये हळूहळू, पार किशोरवयापर्यंत विकसित होत असते. शिवाय मोठ्या माणसाकडे शब्दसंग्रह असतो. वाक्यातला एखादा शब्द गळला तर तो मनानं भरून काढतो. पहिलीतलं मूल तर शब्द गोळा करायलाच शाळेत आलेलं असतं. म्हणून ध्वनितज्ज्ञ सांगतात, की वर्गातल्या मुलाच्या कानाशी शिक्षकाचा आवाज भोवतालच्या गोंगाटापेक्षा १५ डेसिबलनं वरचढ असावा. जागतिक आरोग्य संघटनेनं १९९९ साली वर्गखोलीतल्या पार्श्वभूमीच्या आवाजासाठी ३५ डेसिबलची मर्यादा सुचवली. साध्या बोलण्याचा आवाज एक मीटरवर ६० ते ६५ डेसिबल असतो आणि अंतर दुप्पट झालं की तोंडातून थेट येणारा आवाज सुमारे ६ डेसिबलनं उतरतो. आठ मीटरवरच्या, म्हणजे शेवटच्या पट्टीवरच्या मुलाशी तो ४५ च्या आसपास येतो. भिंतींवरून परतणारा आवाज त्यात थोडी भर घालतो, पण खरखरणारा पंखा, शेजारच्या वर्गाचे पाढे आणि मैदानावरचा कालवा मिळून गोंगाट त्याच्याही वर जातो. तिथे १५ सोडा, हिशोब उणेत असतो.

घरची भाषा वेगळी असलेल्या मुलांची अडचण आणखी मोठी आहे. नंदुरबारमध्ये घरी भिली किंवा पावरी बोलणारं, मेळघाटात कोरकू बोलणारं, गडचिरोलीत गोंडी किंवा माडिया बोलणारं मूल शाळेत प्रमाण मराठी ऐकतं, तेव्हा ते एका नव्या भाषेचे ध्वनी पकडत असतं. ऊसतोडीच्या फडावरून अर्ध्या वर्षात येऊन बसणारी मुलंही त्यांतलीच. शहरातल्या इंग्रजी आणि सेमी-इंग्रजी वर्गांतही हेच चालू आहे. परक्या भाषेत गळलेला शब्द भरून काढायला मनाकडे साठा नसतो. म्हणजे ज्या मुलांना सगळ्यात स्वच्छ आवाजाची गरज आहे, त्यांच्याच शाळांच्या खोल्या बहुधा सगळ्यात वाईट असतात.

आता खोलीकडे येते. वास्तूतल्या आवाजाचं आधुनिक शास्त्र एका वर्गखोलीतच जन्मलं, हे मला नंतर वाचनातून समजलं आणि फार भावलं. १८९५ साली हार्वर्डच्या फॉग कलासंग्रहालयातलं नवं व्याख्यानगृह वापरण्याजोगं नव्हतं, कारण व्याख्यात्याचं बोलणं विद्यार्थ्यांना समजतच नव्हतं. वॉलेस क्लेमंट सॅबिन या तरुण भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकाला ते दुरुस्त करायला सांगितलं. तोंडातून निघालेला शब्द त्या खोलीत साडेपाच सेकंद घुमत राहायचा. तेवढ्या वेळात माणूस पुढचे दहा-पंधरा शब्द बोलून जातो आणि सगळे एकमेकांवर चढतात. सॅबिन रात्री, शांत वेळी, जवळच्या सँडर्स नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या आणून खोलीत मांडायचा आणि ऑर्गनच्या नळीचा सूर किती वेळात विरतो ते मोजायचा. त्यातून निघालेलं सूत्र आजही वापरात आहे. खोली जितकी मोठी तितका आवाज जास्त रेंगाळतो, आणि आवाज शोषणारी पृष्ठं जितकी जास्त तितका लवकर विरतो. शोषण मोजायला त्यानं एकक घेतलं ते उघड्या खिडकीचं, कारण खिडकीतून गेलेला आवाज परत येत नाही.

हे सूत्र मी आपल्या नेहमीच्या वर्गाला लावून पाहिलं. आठ मीटर लांब, सहा रुंद, ३.२ उंच. वर स्लॅब, खाली गुळगुळीत फरशी, भिंतींना ऑइलपेंट. रिकामी आणि बंद असताना अशी खोली कागदावर चार सेकंदांहून जास्त घुमते. चाळीस मुलं बसली आणि खिडक्या उघड्या असल्या तर हा वेळ एका सेकंदाच्या आसपास उतरतो, कारण मुलांची अंगं आणि कपडे आवाज शोषतात. पण पट घसरून बारावर आलेला असेल, जसा कोकणातल्या कितीतरी वाड्यांवर आलाय, तर तो पुन्हा दीड सेकंदावर जातो. मुलं कमी झाली की वर्ग शांत होतो असा आपला समज असतो, प्रत्यक्षात तो जास्त घुमायला लागतो. अमेरिकेनं २००२ साली वर्गखोल्यांसाठी ध्वनीचं मानक काढलं आणि ब्रिटननं २००३ साली शाळांच्या इमारतींना नियम घातले. प्राथमिक शाळेच्या नेहमीच्या वर्गखोलीसाठी दोन्हीकडे घुमण्याची मर्यादा सारखीच ठरली, ०.६ सेकंद.

जुन्या शाळा मला यासाठी आठवतात. मातीच्या जाड भिंती, शेणानं सारवलेली जमीन, लाकडी तुळया, वर मंगलोरी कौलं. गैरसोयी पुष्कळ होत्या आणि त्या परत याव्यात असं मी म्हणत नाही. पण त्या खोल्यांत आवाज विरायचा, आणि कौलांवर पाऊस पडला तरी बोलणं ऐकू यायचं. कौलं दरवर्षी परतावी लागतात, माकडं फोडतात, म्हणून त्यांच्या जागी पत्रा आला. पुढे शाळा सुंदर करायची लाट आली. लोकवर्गणीतून फरशी बसली, भिंती चकचकीत रंगल्या, आयएसओचं प्रमाणपत्र लागलं. गावांनी हे मनापासून केलं आणि त्याचा मला आदर आहे. चित्रांनी आणि अक्षरांनी भरलेल्या भिंतींना 'बोलक्या भिंती' म्हणतात. मात्र त्या गुळगुळीत भिंती खरोखरच बोलत राहतात, शिक्षकाचं वाक्य संपलं तरी, आणि या सगळ्या सुशोभनात त्यांना गप्प करण्याचा विचार कुणीच केला नाही.

पत्र्याबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण माझा जीव तिथे अडकला आहे. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि त्यातला जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. शाळा उघडते जूनच्या मध्यात. पहिलीचं मूल पहिल्यांदा उंबरा ओलांडतं, पहिलं अक्षर ऐकतं, ते थेट या चार महिन्यांत. मोठी सर आली की पत्र्याखाली शेजारच्या माणसाशीही ओरडून बोलावं लागतं. आम्ही काय करायचो? फळ्यावर लिहून द्यायचो, गाणी म्हणून घ्यायचो, किंवा सर जाईपर्यंत चित्र काढायला सांगायचो. दिवसाकाठी अशी किती मिनिटं जातात ते कुठल्याच नोंदवहीत येत नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत शाळेला "सर्व ऋतूंत वापरता येईल अशी इमारत" हवी असं म्हटलं आहे. प्रत्येक शिक्षकामागे एक खोली, मुलामुलींना स्वतंत्र स्वच्छतागृहं, पाणी, रॅम्प, कुंपण, मैदान, सगळं आहे. पाऊस आत येत नाही एवढ्यावर आपण ती अट पूर्ण झाली असं मानतो. पण ज्या खोलीत पावसात शिकवता येत नाही ती सर्व ऋतूंतली खोली कशी, हे बांधकाम विभागाला विचारायला हवं.

गोंगाटानं शिकण्याचं नुकसान होतं हे मोजून दाखवलेलं आहे. न्यूयॉर्कमध्ये मॅनहॅटनच्या उत्तर टोकाला एक सरकारी शाळा उन्नत रेल्वेमार्गाच्या अगदी जवळ आहे. आर्लीन ब्रॉन्झाफ्ट या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९७५ साली तिथल्या एकाच शाळेतल्या मुलांची तुलना केली, रुळांकडच्या बाजूच्या वर्गांची आणि पलीकडच्या शांत बाजूच्या वर्गांची. रुळांकडची मुलं वाचनात मागे होती, आणि सहावीपर्यंत हे अंतर जवळजवळ एका वर्षाचं झालं होतं. शाळा तीच होती, फरक फक्त बाजूचा. मला यापेक्षा महत्त्वाचा वाटतो तो पुढचा भाग. रेल्वेनं रुळांखाली रबराच्या गाद्या घातल्या, शिक्षण मंडळानं त्या वर्गांना आवाज शोषणारी छतं बसवली, आणि १९८१ साली ब्रॉन्झाफ्ट यांनी पुन्हा तपासलं तेव्हा दोन्ही बाजूंच्या मुलांचं वाचन सारखं झालं होतं. नुकसान भरून निघू शकतं, आणि ते छतानं आणि रबरानं भरून निघतं, हे तिथे सिद्ध झालं. म्युनिकचा विमानतळ १९९२ साली हलवला तेव्हाही संशोधकांना हेच दिसलं. जुन्या विमानतळाजवळच्या मुलांचं वाचन आणि स्मरण सुधारलं, नव्याच्या जवळच्या मुलांचं बिघडलं.

आपल्याकडे बाहेरच्या आवाजासाठी कायदा आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार शाळेभोवती १०० मीटरचं शांतता क्षेत्र असतं आणि तिथे दिवसा ५० डेसिबलची मर्यादा आहे. हा आकडा किती शहाणा आहे पाहा. आपल्या हवेत खिडक्या उघड्या ठेवाव्याच लागतात, आणि उघड्या खिडकीतून आत येताना आवाज १० ते १५ डेसिबलनं कमी होतो. म्हणजे बाहेर ५० पाळले तर आत ३५ ते ४०. जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेच्या जवळ आपण वातानुकूलन न लावता, नुसता कायदा पाळून पोचतो. युरोपातल्या बंद खिडक्यांच्या शाळांना जे भिंतींच्या जाडीतून मिळवावं लागतं, ते आपल्याला रस्त्यावरच मिळवावं लागेल. पण २०१७ साली नियमात दुरुस्ती झाली आणि सरकारनं जाहीर केल्याशिवाय कुठलंही क्षेत्र शांतता क्षेत्र ठरणार नाही असं झालं. शाळा आहे म्हणून आपोआप मिळणारं संरक्षण त्यामुळे कागदाच्या एका पायरीवर अडकलं. मुंबई-पुण्यात तर पाटी लावलेल्या शांतता क्षेत्रांतही मोजमाप मर्यादेच्या वर जातं, आणि पाटीखालीच हॉर्न वाजत असतात.

आता माईककडे.

गेल्या काही वर्षांत शिकवणी वर्गांतले शिक्षक कमरेला छोटा स्पीकर आणि गालाजवळ माईक लावून शिकवताना दिसतात. काही शाळांतही ते आलं आहे. घसा बसलेल्या शिक्षकाला त्याची गरज का वाटते ते मला अनुभवानं माहीत आहे. गोंगाट वाढला की माणसाचा आवाज नकळत चढतो. फ्रेंच वैद्य एतिएन लोंबार यांनी १९११ साली हे नोंदवलं आणि त्यांच्याच नावानं ते ओळखलं जातं. शिक्षकाचा आवाज चढतो, मुलांचा चढतो, शेजारच्या वर्गाचा चढतो. खडीसाखर, लवंग, ज्येष्ठमध यांच्या पुड्या पर्समध्ये ठेवणाऱ्या कितीतरी शिक्षिका मी पाहिल्या आहेत. स्वरतंतूंवर गाठी येऊन शस्त्रक्रियेपर्यंत गेलेल्याही पाहिल्या. घसा हे ज्याचं हत्यार आहे त्याला ते सांभाळायचं साधन मिळायलाच हवं.

वर्गासाठी केलेली चांगली यंत्रणा मात्र या कमरेच्या स्पीकरपेक्षा वेगळी असते. शिक्षकाच्या गळ्यात हलका बिनतारी माईक, आणि खोलीत पसरून लावलेले छोटे स्पीकर, म्हणजे पहिल्या पट्टीवर आणि शेवटच्या पट्टीवर आवाज सारखाच पोचतो. मोठा नाही, फक्त सारखा आणि गोंगाटाच्या थोडा वर. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात 'मार्स' नावाचा प्रकल्प झाला. सौम्य श्रवणदोष असलेल्या, अभ्यासात मागे पडलेल्या मुलांना वेगळ्या खोलीत नेऊन शिकवण्याऐवजी नेहमीच्या वर्गातच शिक्षकाचा आवाज असा पसरवला, आणि ती मुलं सुधारली, तेही कमी खर्चात. तिथून या विचाराला बळ मिळालं. दुसरीकडे, अमेरिकेच्या ध्वनिशास्त्र संस्थेनं नेहमीच्या लहान वर्गांत सरसकट माईक लावायला विरोध केला. खोली आधी नीट करा, असं त्यांचं म्हणणं.

मी दुसऱ्या बाजूची आहे. घुमणाऱ्या खोलीत माईक लावला की घुमणंही तेवढंच वाढतं. शब्द मोठा होतो, स्पष्ट होत नाही. आपल्या शाळांत दोन वर्गांमधली भिंत बऱ्याचदा छतापर्यंत जातच नाही, वर पत्र्याखाली मोकळी पोकळी असते. एका वर्गात स्पीकर लागला की शेजारच्या वर्गाला तो गोंगाट, मग तिथेही स्पीकर. आवाजावर आवाज चढवण्याची सवय आपल्या गावांना आधीच पुरेशी आहे, ती शाळेत आणू नये. आणि माईक फक्त शिक्षकाचा असतो. कोपऱ्यातल्या मुलीनं हळू आवाजात विचारलेला प्रश्न, गटात बसून एकमेकांना समजावणारी मुलं, यांचं काय? साताऱ्याच्या कुमठे बीटनं, म्हणजे तिथल्या शाळांच्या गटानं, ज्ञानरचनावादाची (मुलांनी स्वतः करून ज्ञान घडवण्याची) वाट दाखवली तेव्हापासून मुलांनी एकमेकांशी बोलत शिकावं असं आपण म्हणतो आहोत. पाच गट एका घुमणाऱ्या खोलीत बोलायला लागले की काय होतं ते प्रत्येक शिक्षकाला माहीत आहे, आणि कितीतरी जणांनी केवळ त्या कालव्याला कंटाळून गट मोडले आणि पुन्हा फळ्यासमोर उभे राहिले. आवाज शोषणारी खोली सगळ्यांचं बोलणं सुधारते.

तरी काही ठिकाणी माईक हवाच, आणि तिथे हात आखडता घेऊ नये. पत्र्याच्या शाळेत पावसाळ्याचे चार महिने. साठ-सत्तर मुलांचे वर्ग, जिथे खोल्या वाढेपर्यंत दुसरा मार्ग नाही. स्वरतंतू दुखावलेला शिक्षक. आणि सगळ्यात आधी कानाला यंत्र लावणारं मूल. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्याच पालघरमधून सुरू झाला. त्यात शाळेतल्या मुलांची तपासणी होते आणि ऐकण्याचे दोषही बघतात. दोष सापडला तर सरकारी योजनेतून श्रवणयंत्र मिळतं. पण श्रवणयंत्र सगळंच मोठं करतं, पंखा आणि पाऊससुद्धा. शिक्षकाच्या गळ्यातला माईक थेट त्या यंत्राशी जोडला तर बाईंचं तोंड मुलाच्या कानापाशी येतं. यंत्र देऊन माईक न देणं म्हणजे काम अर्धं सोडणं. याशिवाय कान वाहणारी मुलं आहेत. सर्दी झाली, कान फुटला, महिनाभर कमी ऐकू आलं, पुन्हा बरं झालं. असं मूल कुठल्याच यादीत नसतं. पावसाळ्यात माझ्या वर्गात अशी दोन-तीन तरी असायचीच.

खोली नीट करायला काय लागतं? वर मांडलेल्या चाळीस मुलांच्या खोलीत, सॅबिनच्या सूत्राप्रमाणे, साधारण वीस चौरस मीटर चांगलं शोषणारं साहित्य लावलं की ०.६ सेकंदाच्या जवळ जाता येतं. म्हणजे छताच्या निम्म्याहून कमी भाग. ते छताच्या कडेनं आणि मागच्या भिंतीच्या वरच्या पट्ट्यात लावावं. छताचा मधला भाग कडकच ठेवावा, कारण तिथून परतलेला आवाज लगेच पोचतो आणि मागच्या मुलांना मदत करतो. लाकडाच्या बारीक तारा सिमेंटमध्ये दाबून केलेले बोर्ड बाजारात मिळतात, ते सहजासहजी पेटत नाहीत आणि टिकतात. काथ्याच्या जाड चटया भिंतीपासून चार बोटं सोडून लावल्या तरी फरक पडतो, मात्र त्या पेटू नयेत म्हणून आधी प्रक्रिया करून घ्यायला हवी. पत्र्याखाली पोकळी सोडून दुसरं, जड छत घातलं तर पावसाचा आवाज कमी होतो, आणि विदर्भात तेच छत एप्रिलचं ऊनही अडवतं. दोन वर्गांमधली भिंत पत्र्यापर्यंत चढवून फट बुजवणं हे एका गवंड्याचं दोन-तीन दिवसांचं काम आहे. बाकांच्या पायांना जुन्या ट्यूबचे तुकडे, खरखरणारा पंखा दुरुस्त करणं, पोषण आहाराच्या भांड्यांचा आवाज वर्गापासून दूर नेणं, या गोष्टींना तर जवळजवळ खर्चच नाही.

आम्हीही अशाच शाळांत शिकलो आणि काही अडलं नाही, असं मला अनेकांनी ऐकवलं आहे. असं म्हणणारे बहुधा पहिल्या पट्टीवर बसलेले असतात, किंवा त्यांच्या घरी कुणीतरी तेच पुन्हा समजावून सांगणारं असतं. ज्यांचं अडलं ते चौथीत, सातवीत शाळा सोडून गेले. ते हा वाद घालायला इथे नाहीत.

पैशांचंही कारण दिलं जातं. डिजिटल शाळेसाठी गावोगाव वर्गणी निघाली, टीव्ही आले, प्रोजेक्टर आले. त्यांचाही आवाज त्याच भिंतींवर आदळतो. शाळांची माहिती गोळा करणाऱ्या सरकारी यू-डायसच्या अर्जात शौचालयं, वीज, रॅम्प, हात धुण्याच्या तोट्या, संगणक सगळं मोजतात. ऐकू येतं का, हा रकाना नाही. रकाना नाही म्हणून निधी नाही, आणि निधी नाही म्हणून बांधकाम विभागाच्या नकाशात छताचा आवाजाच्या दृष्टीनं विचार नाही. नाट्यगृहाच्या नूतनीकरणात आवाज बिघडला तर रसिक वर्तमानपत्रांत पत्रं लिहितात, कलाकार बोलतात, महापालिकेला उत्तर द्यावं लागतं. नाटक तीन तासांचं असतं. वर्गात मूल वर्षाला दोनशेहून अधिक दिवस बसतं.

माझी मागणी लहान आहे. जिल्हा परिषदेची प्रत्येक नवी खोली घुमण्याच्या मर्यादेत असावी आणि ताबा घेण्याआधी तशी मोजावी. पत्र्याच्या जुन्या खोल्यांना दुसरं छत द्यावं, सुरुवात कोकण आणि घाटमाथ्यापासून व्हावी. यू-डायसमध्ये एक रकाना वाढवावा. शाळांच्या १०० मीटरला शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करण्याचं काम सरकारनं पूर्ण करावं. श्रवणयंत्राबरोबर माईक द्यावा.

यातलं काही होईपर्यंत शाळा व्यवस्थापन समितीला एक गोष्ट स्वतः करता येते. जूनमध्ये पहिला मोठा पाऊस येईल त्या दिवशी श्रुतलेखन घ्या. दहा शब्द पुरे: भात, बार, धार, काळ, माल, शाल, थाट, मण, खात, घडा. बाईंनी नेहमीच्या आवाजात, तोंडासमोर वही धरून म्हणावेत. आधी मुलांना नेहमीच्या जागी बसवा. दुसऱ्या दिवशी उघडीप असताना, मागची मुलं पुढे आणून, शब्दांचा क्रम बदलून पुन्हा घ्या. प्रत्येक पाटीचे दोन्ही दिवसांचे गुण पट्टीनुसार शेजारी-शेजारी लिहा आणि तो कागद समितीच्या इतिवृत्ताला आणि शाळा विकास आराखड्याला जोडून पंचायत समितीत द्या. पोच घ्यायला विसरू नका.